पोकेमॉन रीबॉर्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीबॉर्न खेळायला घेतलेल्या प्रत्येकाचे प्रश्न साधारण तेच असतात, फक्त कोण कुठे अडकलाय एवढाच फरक. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. कथेतली मोठी गुपितं कुठेही फोडलेली नाहीत. जिम लीडरांची (एकेका टप्प्यावर हरवायच्या प्रमुख प्रतिस्पर्ध्यांची) नावं, त्यांचे प्रकार (आग, पाणी, वीज असे) आणि लढाईची मैदानं मात्र येतील, कारण ती लपवून मदत करता येत नाही.

रीबॉर्न नक्की आहे काय? निंटेंडोचा नवा गेम का?

नाही. हा चाहत्यांनी बनवलेला, पूर्णपणे वेगळा गेम आहे. ॲमेथिस्ट या टोपणनावाने काम करणारी एक डेव्हलपर आणि तिची टीम यांनी तो बनवला. मुळात रीबॉर्न ही एक ऑनलाइन लीग होती आणि खेळातले बरेचसे जिम लीडर त्या लीगमधल्या माणसांवरून घेतलेले आहेत. गेमचा पहिला भाग 2012 मध्ये आला. मग एकेक एपिसोड करत शेवटचा, म्हणजे 19 वा एपिसोड 2022 मध्ये आला आणि गेम पुरा झाला. अर्धवट सोडलेल्या फॅन गेमांचा ढीग बघता ही साधी गोष्ट नाही.

त्यात सातव्या पिढीपर्यंतचे (अधिकृत गेमांच्या सातव्या टप्प्यापर्यंतचे) पोकेमॉन आहेत, मेगा इव्होल्यूशन (लढाईपुरतं मिळणारं ताकदवान रूप) आहे, झेड मूव्ह (लढाईत एकदाच मारता येणारे जबर फटके) आहेत. बहुतेक अधिकृत गेममध्ये आठ जिम असतात, इथे अठरा आहेत, प्रत्येक प्रकाराचं एक.

तो चालतो कशावर? एम्युलेटर (गेम मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लागतो का?

लागत नाही. रीबॉर्न आरपीजी मेकर एक्सपी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आणि पोकेमॉन इसेन्शियल्स (त्यात पोकेमॉन गेम बनवायचा तयार संच) यांवर बांधलेला आहे, त्यामुळे तो कॉम्प्युटरवर स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चालतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही चालतात. कुठलीही रॉम (मूळ गेमची फाइल) शोधत बसायची गरज नाही.

आपल्याकडे बहुतेकांनी पहिला पोकेमॉन गेम एम्युलेटरवरच खेळलेला असतो. कार्टून नेटवर्कवर ॲश आणि पिकाचू हिंदीत बघायचे आणि मग सायबर कॅफेत किंवा भावाच्या कॉम्प्युटरवर पोकेमॉन फायररेड टाकून घ्यायचा, असा तो रस्ता होता. त्यामुळे "रॉम कुठे मिळेल" हा प्रश्न सवयीने येतोच. इथे ती भानगड नाही.

फोनवर?

अँड्रॉइडवर जॉयप्ले नावाचं ॲप आहे, त्यात आरपीजी मेकरचे गेम चालतात आणि बरेच जण रीबॉर्नही त्यातच खेळतात. फोन जुना असेल तर मोठ्या शहरात आणि ॲनिमेशनच्या वेळी अडखळतो. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपवरच खेळा.

फुकट आहे ना? आणि कायद्याचं काय?

गेम फुकट आहे. कोणी पैसे मागत असेल तर तो तुम्हाला गंडवतोय.

पोकेमॉन हे नाव, ती पात्रं, ती चित्रं यांवरचा हक्क मात्र मूळ कंपन्यांचा आहे, तेव्हा असे सगळेच गेम त्यांच्या कानाडोळ्यावर जगतात. 2016 मध्ये पोकेमॉन युरेनियम आला, पंधरा लाखांच्या वर डाउनलोड झाला आणि नोटिसा आल्यावर त्याच्या निर्मात्यांनी लिंक काढून टाकल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रिझम नावाच्या गेमला बाहेर पडायच्या काही दिवस आधीच नोटीस मिळाली. पुढे इसेन्शियल्सच्या विकीवर आणि फॅन गेमांच्या एका मोठ्या फोरमवरही तीच वेळ आली. म्हणून डाउनलोड केलेली फाइल जपून ठेवा. आज आहे म्हणून उद्या असेलच असं नाही.

आधी पोकेमॉन खेळलेला नसेल तर?

मग आधी अधिकृत गेमपैकी कुठलाही एक संपवा. कुठला प्रकार कुणावर भारी पडतो हे पाठ नसेल तर रीबॉर्नमध्ये तासाभरात नाकी नऊ येतील. हा गेम तुम्हाला काही शिकवत बसत नाही, तुम्हाला सगळं येतं असं धरूनच चालतो.

एवढा अवघड का म्हणतात? शत्रूचे पोकेमॉन जास्त लेव्हलचे असतात म्हणून?

लेव्हल हा त्यातला सगळ्यात लहान भाग. अधिकृत गेममध्ये तुम्ही एक लाडका पोकेमॉन फुगवता आणि तो सगळ्यांना चिरडत जातो. इथे तसं करणारा माणूस पहिल्या दोन-तीन जिममध्येच आडवा होतो. कारणं तीन.

एक म्हणजे जिम लीडरांच्या टीम विचारपूर्वक बांधलेल्या असतात. त्यांच्या हातात कामाच्या वस्तू असतात, मूव्ह (लढाईतल्या चाली) चौफेर असतात आणि काही जण तर डबल बॅटल (दोन विरुद्ध दोन) लावतात. दुसरं म्हणजे लेव्हलला मर्यादा आहे, तिच्याबद्दल खाली सांगतो. आणि तिसरं, सगळ्यात मोठं कारण म्हणजे फील्ड, अर्थात लढाईचं मैदान.

हे फील्ड प्रकरण समजावून सांगा ना. सगळे त्याच्याबद्दलच बोलतात.

बोलणारच, कारण रीबॉर्नचा जीव त्यातच आहे. अधिकृत गेममध्ये लढाई गवतात झाली काय आणि गुहेत झाली काय, फरक फक्त मागच्या चित्राचा. रीबॉर्नमध्ये जागेला स्वतःचे नियम आहेत आणि अशी तीसहून जास्त मैदानं आहेत. कुठल्या प्रकाराचे फटके जोरात बसतात, कुठले मंदावतात, कुठली मूव्ह वेगळंच काही करून बसते, हे मैदान ठरवतं. क्रिकेटमध्ये पिच न बघता संघ निवडणाऱ्या कॅप्टनचं जे होतं, तेच इथे मैदान न बघणाऱ्याचं होतं.

काही उदाहरणं देतो, म्हणजे अंदाज येईल.

गुहेत अर्थक्वेक (भूकंपाची मूव्ह) मारला की छतातून दगड पडायला लागतात. त्याकडे दुर्लक्ष करून पुन्हा मारला तर गुहाच कोसळते आणि वाचवणारी एखादी क्षमता (पोकेमॉनची अंगभूत खासियत) नसेल तर दोन्हीकडचे पोकेमॉन एका झटक्यात गारद. अधिकृत गेममध्ये डोळे मिटून वापरायचा अर्थक्वेक इथे आत्मघाताचं हत्यार होतो. पण हरायला आलेली बाजी बरोबरीत आणायची असेल तर तोच कामाला येतो.

जंगलात किंवा गवताळ मैदानात लाव्हा प्लूम, हीट वेव्हसारखी आगीची मूव्ह वापरली तर मैदान पेटतं आणि त्याचं जळतं मैदान होतं. समोरच्याची सगळी योजना झाडापाल्याच्या भरवशावर असेल तर एकाच चालीत तिचा बोऱ्या वाजतो.

वेस्टलँडमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या दलदलीत, स्टेल्थ रॉक किंवा स्पाइक्स (समोरच्याच्या बाजूला पसरून ठेवायचे दगड-काटे) टाकले तर ते नेहमीसारखे टिकत नाहीत. चिखल त्यांना गिळतो आणि त्याच चालीच्या शेवटी त्यांचा परिणाम एकदम उसळून बाहेर येतो. ज्यांना हे माहीत नाही ते "माझे काटे गेले कुठे" म्हणून शोधत बसतात.

हे सगळं पाठ करायला जाऊ नका, कुणाचंच होत नाही. लढाई सुरू होताना पहिल्याच संदेशात मैदान कसं आहे ते सांगितलेलं असतं. बरेच जण सवयीने बटण दाबून तो संदेश पळवतात आणि मग दहा मिनिटांनी कपाळाला हात लावतात. तो वाचा. नवीन मैदान आलं की पहिली लढाई जिंकायला जाऊच नका. कुठल्या मूव्हवर कोणता वेगळा संदेश येतो, शत्रूचा कोणता फटका नको इतका जोरात बसतो, एवढं टिपून घ्या. हरलात तरी सेव्ह जवळच असतो.

मग मैदान नेहमी शत्रूच्याच बाजूने असतं का?

जिममध्ये बहुतेक वेळा हो, घरचं मैदान आहे त्यांचं. पण दोन वाटा तुमच्यासाठीही उघड्या असतात. मैदान मोडायचं किंवा बदलायचं, ही झाली पहिली. आणि त्यांनी जे नियम मांडलेत त्यांचा फायदा आपणच उचलायचा, ही दुसरी. शिवाय एलिमेंटल, मॅजिकल, टेल्युरिक आणि सिंथेटिक अशा चार बिया आहेत. त्या धरलेला पोकेमॉन योग्य मैदानावर उतरला की त्याला लगेच काही ना काही फायदा मिळतो, कधीकधी सोबत तोटाही. बिया मिळाल्या की विकून टाकू नका. नवखे हमखास विकतात.

स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा पोकेमॉन, कोणता घेऊ?

पहिल्या पिढीपासून सातव्यापर्यंतचे सगळे, म्हणजे 21 स्टार्टर तुमच्यासमोर मांडलेले असतात, त्यामुळे इथेच बऱ्याच जणांचा अर्धा तास जातो.

पहिलं जिम वीज प्रकाराचं आहे. त्या दृष्टीने मडकिप सोपा पडतो. सोळाव्या लेव्हलला त्याचा मार्शटॉम्प होतो, म्हणजे पाण्याच्या जोडीला जमीन प्रकार येतो आणि विजेचा फटका त्याला लागतच नाही. गवताचे स्टार्टरही वीज निम्म्याने झेलतात. आगीचा घेणाऱ्याला सुरुवात जड जाते पण पुढे पश्चात्ताप होत नाही, कारण आगीचे चांगले पोकेमॉन या गेममध्ये उशिरा मिळतात.

माझं मत विचाराल तर आवडतो तो घ्या. अठरा जिममध्ये एकच स्टार्टर सगळीकडे उपयोगी पडणार नाहीच आहे.

लेव्हल वाढवून वाढवून जिंकता येत नाही का?

नाही, आणि हे समजून घ्यायला लोक फार वेळ लावतात. तुमच्याकडे किती बॅज (जिम जिंकल्यावर मिळणारे बिल्ले) आहेत त्यावर लेव्हलची एक मर्यादा ठरते. पोकेमॉन तिच्यावर गेला की तो तुमचं ऐकत नाही. ऐन जिम लीडरसमोर तो चाल सोडून भलतंच काहीतरी करतो. गवतात तासन्‌तास घालवून टीम फुगवलीत तर शिक्षा तुम्हालाच.

चुकून लेव्हल वर गेली तर कॉमन कँडी नावाची वस्तू आहे, ती एक लेव्हल खाली आणते. अधिकृत गेममध्ये अशी वस्तू कुणाला हवीशी वाटली नसती, इथे मात्र ती पिशवीत कायम असू द्या. जिमच्या आधी सहाही जण मर्यादेच्या एक-दोन लेव्हल खाली असावेत. लढता लढता लेव्हल वाढून मर्यादा ओलांडली गेली तर शेवटचा पोकेमॉन समोर असतानाच घोटाळा होतो.

ज्युलिया काही केल्या हरत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ज्युलिया पहिली जिम लीडर, वीज प्रकाराची, अतिशय उत्साही आणि स्फोटांचा नाद असलेली. मैदानही विजेने भारलेलं, त्यामुळे तिचा प्रत्येक विजेचा फटका मूळ ताकदीपेक्षा जोरात बसतो.

खरी डोकेदुखी म्हणजे तिचा इलेक्ट्रोड. एवढ्या सुरुवातीला एवढा वेगवान पोकेमॉन तुमच्याकडे असूच शकत नाही, म्हणजे पहिली चाल त्याचीच हे धरून चाला. "मी आधी मारीन" या हिशोबावर बांधलेली कुठलीही योजना तिथे कोसळते. योजना अशी हवी की त्याचा पहिला फटका खाऊनही आपण उभे राहू.

त्यासाठी काय करता येईल? जमीन प्रकाराचा पोकेमॉन असेल तर अर्धी लढाई तिथेच होते. नसेल तर गवताचा एखादा जाड अंगाचा पोकेमॉन पुढे करा आणि त्याला पॅरलाइज (लुळं) करणाऱ्या किंवा झोप आणणाऱ्या मूव्हच्या भरवशावर सोडू नका. विजेचे पोकेमॉन पॅरलाइज होत नाहीत आणि विजेच्या मैदानावर जमिनीवर उभ्या असलेल्याला झोप लागत नाही. इथे बरेच जण फसतात. स्लीप पावडर तीन-तीनदा मारून मूव्ह बिघडली म्हणतात, पण तो मैदानाचा नियम आहे. त्याऐवजी तिचा अटॅक किंवा अचूकता कमी करणाऱ्या साध्या मूव्ह वापरा. ग्राउल, सँड अटॅक यांना आपण लहानपणापासून हसत आलो, पण इथे त्या चालतात. स्फोटाची शंका आली की प्रोटेक्ट (त्या चालीपुरता बचाव), किंवा डॅम्प क्षमता असलेला पोकेमॉन. डॅम्प मैदानात असेपर्यंत स्फोट होतच नाही.

आणि हो, तिच्याकडे जाण्याआधी शहर नीट पालथं घाला. गल्लीबोळात, बंद घरांमागे, फक्त पावसात दिसणारे असे पोकेमॉन मिळतात. पहिल्या बॅजच्या आधी हाताशी काहीच नाही म्हणणारे अर्धे लोक मुख्य रस्ता सोडून कुठे गेलेलेच नसतात.

जिम लीडर फ्लोरिनिया गवताची आहे ना? मग आग घेऊन गेलो की झालं?

असं वाटणारेच हरतात. तिचं मैदान वाळवंटाचं आहे आणि मुख्य पोकेमॉन क्रॅडिली. तो गवत आणि दगड अशा दोन्ही प्रकारांचा, त्यामुळे आगीचा त्याच्यावर फारसा प्रभाव पडत नाही, उलट दगडाचा फटका तुमच्या आगीच्या पोकेमॉनला भारी पडतो. वाळूच्या वादळात दगड प्रकाराचा स्पेशल डिफेन्स दीडपट होतो हेही विसरू नका. क्रॅडिलीला लढाऊ, पोलादी, बर्फाळ किंवा कीटक प्रकाराचा फटका द्या आणि शक्यतो शारीरिक मूव्हने मारा.

टीम सहाचीच ठेवू का जास्त?

पंधरा-वीस जण तयार ठेवा. रीबॉर्नमध्ये "माझी टीम" ही संकल्पना जरा सैल करावी लागते. एका जिमला ज्याने तारलं तोच पुढच्या जिमला ओझं होतो. प्रत्येक जिमआधी दोन-तीन बदल करायची तयारी असली की गेम अचानक सुसह्य होतो. ज्यांना सुरुवातीच्या सहाही जणांचा लळा लागतो त्यांची सगळ्यात जास्त दमछाक होते.

एक मात्र करा. धिम्या, जाड आणि काही ना काही रोग लावू शकणाऱ्या पोकेमॉनला कमी लेखू नका. आपला सगळ्यांचा जीव झटपट हाणामारीत असतो. पण शत्रू तुमच्याहून वेगवान आणि बलवान असेल तेव्हा जो मरत नाही तोच कामाचा.

ईव्ही, आयव्ही, नेचर हे सगळं बघावंच लागतं का?

सुरुवातीला नाही, अर्ध्या गेमनंतर हो.

थोडक्यात सांगतो. नेचर म्हणजे पोकेमॉनचा स्वभाव, ते पंचवीस आहेत. त्यांतले बरेचसे एक गुण (अटॅक, स्पीड वगैरे) दहा टक्के वाढवतात आणि दुसरा दहा टक्के घटवतात. आयव्ही हे जन्मजात आकडे, प्रत्येक गुणासाठी 0 ते 31. ईव्ही हे कमवायचे आकडे, एका गुणात जास्तीत जास्त 252 आणि एकूण 510. शंभराव्या लेव्हलला चार ईव्हीने तो गुण एकाने वाढतो. म्हणजे विसाव्या लेव्हलला ईव्हीचं गणित करत बसणं वेळेचा अपव्यय आहे. पण साठच्या पुढे गेलात आणि स्पीडच्या एका आकड्याने कोण आधी मारणार हे ठरायला लागलं की मग दुर्लक्ष परवडत नाही. नेचर तेवढं पहिल्यापासून बघा. शारीरिक फटके देणाऱ्याचा अटॅक घटवणारं नेचर असेल तर दुसरा पकडा, हळहळू नका.

अमुक पोकेमॉन या जागी मिळतो म्हणतात, मला दिसतच नाही.

वेळ आणि हवामान बघा. रीबॉर्नचं घड्याळ तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळावर चालतं आणि हवामान दिवसानुसार बदलतं. काही पोकेमॉन फक्त रात्री, काही फक्त पावसात, काही वारा असताना. शिवाय बरेच जण गवतात सापडतच नाहीत. ते नकाशावर उभे असतात आणि त्यांच्यासाठी छोटंसं काम करावं लागतं. रात्री उशिरा खेळणाऱ्यांना दिवसाचे पोकेमॉन मिळत नाहीत ही तक्रार नेहमीची. रविवारी दुपारी एक फेरी मारा.

पैसे पुरत नाहीत.

नाही पुरणार. गुहांमध्ये भिंतीतल्या खडकांवर खाणकाम करता येतं, त्यातून विकण्यासारखं आणि वापरण्यासारखं बरंच निघतं. प्रत्येक ट्रेनरशी लढा, कुणाला टाळू नका.

काच, आरसे, सर्कस... मधल्या जिमबद्दल काहीतरी सांगा.

दोनच निवडतो, कारण त्या दोन ठिकाणी लोक गेम सोडून देतात.

सेरा बर्फाची लीडर, मैदान आरशांचं. तिथे चुकवणं आणि चुकणं यांचाच खेळ चालतो. नेम धरून मारलेला फटका हवेत जातो आणि दोन-तीनदा असं झालं की माणसाचा तोल सुटतो. तोल सुटायच्या आधी आरसेच फोडा. अर्थक्वेकसारख्या जमीन हादरवणाऱ्या मूव्हने ते मैदान फुटतं आणि मग समोर उरतो तो साधा बर्फाचा संघ. फुटलेल्या काचा तुमच्या पोकेमॉनलाही लागतात, तेव्हा मूव्ह मारणारा ठणठणीत असावा. कधीच न चुकणाऱ्या मूव्हही सोबत असू द्या.

सॅमसन लढाऊ प्रकाराचा, सर्कशीच्या तंबूत लढतो. जत्रेत हातोडा मारून घंटा वाजवायचं यंत्र असतं, त्याचा नियम इथे लागू आहे. लढाऊ फटका मारला की यंत्रावर निकाल लागतो आणि त्याप्रमाणे मार निम्म्यापासून तिप्पट होतो. मारणाऱ्याचा अटॅक आधी वाढलेला असेल तर निकालही चांगला लागतो. ह्यूज पॉवर किंवा प्युअर पॉवर (अटॅक दुप्पट करणाऱ्या क्षमता) असलेल्याला तर दर वेळी सर्वोच्च निकाल मिळतो. म्हणजे सॅमसनला एकदाही अटॅक वाढवू देणं महागात पडतं. त्याच्या पोकेमॉनला बर्न करा (भाजलेल्याचा मार घटतो), इंटिमिडेट (समोरच्याचा अटॅक घटवणारी क्षमता) असलेले आतबाहेर करत राहा आणि ज्यांच्यावर लढाऊ फटका चालतच नाही असे भूत प्रकाराचे हाताशी ठेवा. आणि मग तेच यंत्र तुम्हालाही वापरता येतं हे लक्षात घ्या. त्याच्याच तंबूत त्याला तिप्पट मार देण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कुठल्या जिममध्ये नाही.

कोडी फार आहेत हो. रॅडोमस या जिम लीडरच्या किल्ल्यात बुद्धिबळ खेळायला लावतात.

हो. ही माझीही तक्रार आहे. रीबॉर्नला कोड्यांचा भारी सोस आणि काही ठिकाणी तो अति होतो. बुद्धिबळ येत नसेल तर सरळ उत्तर बघून पुढे जा. लढाया स्वतः जिंका, कोड्यांत अभिमान ठेवू नका.

वॉकथ्रू (गेम कसा पार करायचा ते सांगणारी माहिती) बघणं म्हणजे फसवणूक नाही का?

मुळीच नाही. मैदानांचे नियम लिहिलेली माहिती तर उघडी ठेवूनच खेळा, गेम बनवणाऱ्यांनाही तेच अपेक्षित आहे. जिम लीडरची पूर्ण टीम आधीच बघायची की एकदा हरून मग, हे ज्याचं त्याने ठरवावं. पहिली लढाई न बघता केली तर जास्त मजा येते असं मला वाटतं.

कथा लहान मुलांना चालेल का?

नाही. रीबॉर्न सिटी हे विषारी पाण्याचं, मोडकळीला आलेलं शहर आहे आणि गेमची सुरुवातच स्टेशनवरच्या स्फोटाने होते. टीम मिटिओर या खलनायकांच्या टोळीची माणसं पोकेमॉनवर यंत्रांचे प्रयोग करतात, शहरभर वेली पसरवणारा राक्षसी टँगग्रोथ हा त्यातलाच एक नमुना. पुढे मृत्यू आहेत, आत्महत्या आहे, मुलांचा छळ आहे आणि ते सगळं गंभीरपणे दाखवलं आहे. दहा-बारा वर्षांच्या भाच्याला "पोकेमॉनच तर आहे" म्हणून लावून देऊ नका. मोठ्यांनाही यातला एखादा विषय जिव्हारी लागणारा असेल तर आधी कुणालातरी विचारून घ्या.

कथेची मांडणी मात्र सशक्त आहे. पुढे एका वळणावर तुमच्या निर्णयाने वाट दुभंगते. खेळणारे त्या वाटांना रेशिरामची आणि झेक्रोमची वाट म्हणतात. वळण कुठे ते सांगत नाही. फक्त सेव्हच्या दोन प्रती ठेवत चला.

सेव्ह कुठे असतो?

विंडोजवर तुमच्या युजर फोल्डरमध्ये सेव्ह्ड गेम्स, त्यात पोकेमॉन रीबॉर्न. तो फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाका. एवढ्या लांबीच्या गेमचा सेव्ह लॅपटॉप फॉरमॅट करताना गेला तर पुन्हा सुरू करायची हिंमत कुणाचीच होत नाही.

फारच जड जातंय. सोपं करता येतं का?

शेवटच्या एपिसोडमध्ये नवा गेम सुरू करताना पासवर्ड टाकायची सोय आहे. काहींनी गेम सोपा होतो, काहींनी मुद्दाम कठीण, काहींनी नुसता कंटाळा वाचतो. कॉलेज संपल्यावर, नोकरी-घर सांभाळून खेळणाऱ्याने कंटाळा वाचवणारे पासवर्ड निःसंकोच घ्यावेत. रात्री जेवणानंतरचा तास गवतात ग्राइंड करण्यात घालवून तुम्ही कुणाला काय सिद्ध करणार?

नझलॉक करू का?

नझलॉक म्हणजे बेशुद्ध पडलेला पोकेमॉन मेला असं मानायचं आणि प्रत्येक जागी भेटलेला पहिलाच पकडायचा. 2010 मध्ये एका वेबकॉमिकमधून हे नियम पसरले. रीबॉर्नमध्ये पहिल्याच खेपेला नझलॉक करू नका. मैदानांचे नियम माहीत नसताना पोकेमॉन मरतात ते तुमच्या चुकीने नाही, अज्ञानाने, आणि त्यात शिकण्यासारखं काही नसतं. एकदा गेम पूर्ण करा, मग करा. तेव्हा तो खरंच रंगतो.

संपल्यावर पुढे काय खेळू?

मैदानांची चटक लागली असेल तर रेजुवेनेशन, हाही फॅन गेमच. एव्हियम नावाचा प्रदेश, फील्डची तीच कल्पना, कथा आणखी गुंतागुंतीची.

मैदानं नकोत पण कस लागावा असं वाटत असेल तर ड्रायानो नावाच्या चाहत्याने बनवलेला रेनेगेड प्लॅटिनम घ्या. 2019 मध्ये आला, मूळ प्लॅटिनमवर बांधलेला आहे आणि तेव्हाचे सगळे 493 पोकेमॉन त्यात मिळतात. अवघड आहे पण न्यायाने वागतो. इमराल्ड कायझो हा दुसरा फॅन गेम तसा वागत नाही. त्यात तिसऱ्या पिढीपर्यंतचेच पोकेमॉन आणि जुनेच नियम आहेत, म्हणजे फटका शारीरिक की स्पेशल हे अजूनही प्रकारावरून ठरतं. रीबॉर्नच्या सवयी घेऊन गेलात तर पहिले काही तास डोक्याला ताप होईल.

आणि जरा दम खायचा असेल तर अनबाउंड. बोरियस प्रदेश, सुरुवातीला गिबल, लार्विटार आणि बेल्डम यांतला एक, आणि काठिण्यपातळी स्वतः निवडायची. फायररेडवर बांधलेला असल्यामुळे तो फोनवरच्या एम्युलेटरमध्ये निवांत चालतो. लोकलमध्ये उभ्याने एका हाताने खेळायचं असेल तर तोच घ्या.